घर इंदूरला, शेत देपालपूरला: किसान सन्मान निधीचा अर्ज आणि गावाची यादी

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांची थोडीफार जमीन सांवेर, देपालपूर किंवा महूकडे असते. राहायला शहरात, म्हणून ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ असं धरून कोणी अर्जच करत नाही. पण तपासतात ते जमीन कोणाच्या नावावर आहे हे. शहरातला पत्ता आड येत नाही.

केंद्राच्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वर्षाला ६,००० रुपये, २,०००च्या तीन हप्त्यांत मिळतात. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे आणखी ६,००० येतात. ती २०२० साली ४,००० रुपयांवर सुरू झाली होती. राज्याचे पैसे केंद्राच्या लाभार्थ्यांनाच, त्यामुळे आधी केंद्राचं मार्गी लावा.

खरी गफलत होते ती पात्रतेत. योजनेतलं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. एवढ्यांत मिळून एकच लाभ. दोघांच्या नावावर वेगवेगळे खसरे (जमिनीचे गट) असले म्हणून दुहेरी लाभ मिळत नाही. जमीन १ फेब्रुवारी २०१९च्या आधीपासून नावावर हवी. नंतर विकत घेतलेली चालत नाही, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाहक्कानं आलेली चालते. प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरीतले आजी-माजी कर्मचारी, दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए हे सगळे बाद. आपल्याकडे पेन्शनर घरोघरी, म्हणून हे नीट पाहा: बाबांच्या पेन्शनमुळे आईचंही नाव जातं, पण सज्ञान मुलाचं स्वतःच्या नावावर शेत असेल तर त्याचं वेगळं कुटुंब धरतात.

कागद फार नाहीत. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, खसरा आणि बी-१ (जमिनीच्या नोंदीचे उतारे) यांची नक्कल, समग्र आयडी (मध्य प्रदेशचा रहिवासी ओळख क्रमांक). नव्या नोंदणीला फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. आजोबांच्या नावावरच जमीन राहिली असेल तर आधी तहसिलीत फौती नामांतरण, म्हणजे मृत मालकाच्या जागी वारसांची नावं लावून घ्या. त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. अर्ज पीएम-किसानच्या संकेतस्थळावर स्वतः भरा किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांच्या) केंद्रात. पडताळणी पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) होते.

नाव मंजूर होऊनही हप्ता आला नाही, तर त्याच संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती उघडून तीन गोष्टी बघा: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), जमिनीची नोंद, आधारचं बँक सीडिंग (थेट सरकारी पैसे घेण्यासाठी खातं आधारला जोडणं). तिसरी सगळ्यात फसवी. बँकेतला माणूस ‘आधार लिंक आहे’ म्हणतो, पण पैसे जातात ते ज्या खात्याचं सीडिंग सर्वांत शेवटी झालं त्या खात्यात. मध्ये कधी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर आधी तिथलं पासबुक भरून बघा. अडलंच तर केंद्राची हेल्पलाइन १५५२६१, राज्याची १८१.

आता यादीचं. पीएम-किसानच्या संकेतस्थळावरच राज्य, जिल्हा, तहसील, ब्लॉक, गाव निवडलं की गावातल्या लाभार्थ्यांची नावं कोणालाही दिसतात, लॉगिन लागत नाही. ही काही सरकारची मेहेरबानी नव्हे. माहिती अधिकार कायदा, २००५च्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारनं आपणहून मांडायचा असतो. शहरात राहणाऱ्यांनी तर ही यादी जरूर चाळावी. गावाकडच्या जमिनीवर भलत्याचंच नाव लागलेलं कधीकधी इथेच कळतं. तसं काही दिसलं तर तहसिलीत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तरी हालचाल नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. फक्त प्रश्न नेमका ठेवा: अमुक खसरा क्रमांकावर कोणाची नोंदणी, पडताळणी कोणी केली, कोणत्या तारखेला. दुसऱ्याचा आधार किंवा बँक खाते क्रमांक मागितलात तर तेवढं नाकारलं जाईल, आणि ते बरोबरच आहे.

यादीत स्वतःचंच नाव अपात्र असताना निघालं, तर घेतलेले हप्ते परत करायची ऑनलाइन सोय त्याच संकेतस्थळावर आहे. वसुलीची नोटीस येईपर्यंत थांबू नका.