वेब अ‍ॅप होस्टिंगचे सुलभीकरण (लिनक्स सर्व्हर)

लिनक्स ही खुली संगणक-प्रणाली चालवणाऱ्या सर्व्हरवर वेब अ‍ॅप (ब्राउझरमध्ये उघडणारे अ‍ॅप) चढवणे आणि ते चालते ठेवणे, ही कामे मुरलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिनशिवायही जमावीत यासाठी तयार झालेली साधने व पद्धती. ग्रामीण विदर्भात संत्रा बागायतदारांची उत्पादक कंपनी, जिनिंग, राइस मिल, ग्रामसभा, वाचनालय अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होऊ शकतो. साधनांमुळे अ‍ॅप चढवणे तासाभराचे काम झाले आहे. तेच अ‍ॅप मे महिन्याच्या उन्हातही चालू ठेवायचे, हे मात्र वेगळे काम आहे.

पूर्वी अपाची (१९९५) किंवा एन्जिनेक्स (२००४) हा वेब सर्व्हर, पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, डेटाबेस, फाइलींचे हक्क, फायरवॉल हे सारे हाताने जुळवावे लागे. एका आवृत्तीचे दुसरीशी जमले नाही की गाडी तिथेच अडे. मराठीची अडचण आणखी निराळी होती. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ अक्षरसंच-मांडणी लॅटिन असे. ती न बदलता नोंदी सुरू केल्या, तर शेतकऱ्याच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हे साठत, आणि त्यांतून नाव पुन्हा मिळत नसे. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून पूर्ण युनिकोड ही मूळ मांडणी झाली. एवढ्या एका बदलाने वाचवलेला मनस्ताप मोठा आहे.

डॉकर हे साधन (२०१३) आल्यावर अ‍ॅप आणि त्याला लागणारे सगळे घटक एका कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंद डब्यात, बांधून देता येऊ लागले. कोणते घटक, कोणते पोर्ट (जोडणी आत येण्याचे दार), डेटा कुठे, हे एका छोट्या फाइलीत लिहिले की एका आज्ञेत सारे उभे राहते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र फुकट मिळू लागले. प्रमाणपत्राची नेहमीची मुदत ९० दिवसांची असली, तरी नूतनीकरण सर्व्हर आपोआप करतो. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर बसणारे युनोहोस्ट (२०१२) याच्याही पुढे जाते: ब्राउझरमधल्या पानावरून अ‍ॅप निवडायचे, कळ दाबायची. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी पाहून बिचकणाऱ्याला हा मार्ग बरा. पण अडले की शेवटी त्याच खिडकीत उतरावे लागते.

सर्व्हर गावातच ठेवायचा का, हा खरा प्रश्न. लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकातले मेमरी कार्ड बिघडू शकते. म्हणून कार्डाऐवजी एसएसडी डिस्क आणि सोबत यूपीएस लागतोच. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. टिनाच्या छताखाली ठेवलेला रास्पबेरी पाय ८० अंशांच्या आसपास तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि अ‍ॅप बंद पडल्यासारखे वाटते.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून कोणी गावातल्या सर्व्हरपर्यंत पोचू शकत नाही. राऊटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, की पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नये. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा (खासगी, कूटबद्ध जोडणी) हे उपाय आहेत. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली असली, तरी रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की सगळेच ठप्प.

म्हणून व्यवहारात मधला मार्ग सोयीचा ठरतो. समजा, वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या उत्पादक कंपनीला संत्र्याच्या आंबिया बहाराच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) ठेवायच्या आहेत. अ‍ॅप मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावे आणि डेटाबेसची प्रत रोज रात्री कार्यालयातल्या संगणकावर उतरवावी. याउलट वाचनालयाची पुस्तकसूची किंवा शाळेतला अभ्यासाचा साठा आवारातल्या वाय-फायपुरता असेल, तर सर्व्हर गावातच शोभतो. इंटरनेट गेले तरी तो चालतो. नुसती प्रत मात्र पुरत नाही. तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर अ‍ॅप एकदा उभे करून, मागच्या आठवड्याची एखादी काटापट्टी निघते का, हे पाहावे लागते. साधनांच्या जाहिरातीत चढवण्याची सोय मोठ्या अक्षरांत असते. निवड करताना परत उभारण्याची सोय आधी पाहावी.

मनुष्यबळाचा भाग याहून नाजूक आहे. अ‍ॅप चढवणारा बहुधा गावातला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी किंवा सेवा केंद्र चालवणारा तरुण असतो. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, आणि सर्व्हरचा पासवर्ड, एसएसएचची किल्ली (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची फाइल), डोमेनचे (वेबपत्त्याच्या नावाचे) खाते हे सगळे त्याच्याच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले राहते. डोमेन त्याच्या नव्हे, संस्थेच्या नावाने घ्यावे. नूतनीकरणाची सूचना निदान दोघांना जावी, आणि किल्लीची एक प्रत सचिवाकडे असावी. ही तजवीज कोणतेही साधन करून देत नाही.