टेस्ट पडली की स्लीप वाढवायचा?

मोबाइल ॲपच्या ऑटोमेशनमध्ये (म्हणजे प्रोग्रामकडून ॲपची टेस्ट करून घेण्यात) एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: बटण सापडलं नाही म्हणून टेस्ट पडली तर ५ सेकंदांचा स्लीप (ठरलेला वेळ नुसतं थांबण्याची आज्ञा) टाका, तरी पडली तर १० करा. हा इलाज नव्हे. स्लीप स्क्रीनकडे बघतच नाही. बटण अर्ध्या सेकंदात आलं तरी तो १० सेकंद बसून राहणार, आणि नेट मंद असलं तर अकराव्या सेकंदाला आलेलं बटण हुकणारच. असे ६० स्लीप म्हणजे १० मिनिटं नुसती झोप.

ॲपियम या मोबाइल टेस्टिंगच्या साधनात यासाठी एक्स्प्लिसिट वेट आहे, म्हणजे आपण दिलेली अट पुरी होईपर्यंत थांबणं. तो साधारणपणे दर ५०० मिलिसेकंदांनी अट तपासतो आणि ती पुरी होताच पुढे सरकतो. १० सेकंद ही फक्त कमाल मर्यादा. अट मात्र नीट निवडा. बटण सापडलं म्हणजे ते दाबता येतं असं नाही. वर लोडिंगचं चक्र फिरत असेल तर आधी ते जाण्याची वाट बघा. (इथे मीही फसलो आहे.)

‘मग सोबत इम्प्लिसिट वेटही (स्क्रीनवरची कुठलीही गोष्ट शोधताना आपोआप लागू होणारं थांबणं) लावू, दुहेरी सुरक्षा!’ अजिबात नको. ॲपियममधले हे वेट ज्या सेलेनियम या ब्राउझर-ऑटोमेशनच्या साधनातून आले, त्याच्या दस्तऐवजातच इशारा आहे: १० सेकंदांचा इम्प्लिसिट आणि १५ चा एक्स्प्लिसिट एकत्र केले तर टाइमआउट (वाट बघणं संपून टेस्ट पडणं) २० सेकंदांनी होऊ शकतो.

अँड्रॉइडचा एस्प्रेसो हा टेस्टिंग फ्रेमवर्क मेन थ्रेडची (स्क्रीन हाताळणाऱ्या मुख्य धाग्याची) कामांची रांग मोकळी होईपर्यंत आपोआप थांबतो. पण पार्श्वभूमीत चाललेल्या नेटवर्क कॉलची त्याला खबर नसते. त्यासाठी आयडलिंग रिसोर्स, म्हणजे ‘काम चालू आहे की संपलं’ हे एस्प्रेसोला सांगणारा कोडचा तुकडा, नोंदवावा लागतो.