पाऱ्याच्या थेंबावर मोजले जाणारे प्रथिन

तांब्याच्या बाबतीत मेंढी फार नाजूक जनावर आहे. गाईगुरांना सहज मानवणाऱ्या खाद्यातले तांबे मेंढीच्या यकृतात आठवडेच्या आठवडे साठत राहते आणि तोवर जनावर वरकरणी ठणठणीत दिसते. मग एखाद्या ताणाच्या प्रसंगी तो साठा एकदम रक्तात उतरतो, लाल रक्तपेशी फुटू लागतात आणि थोड्याच दिवसांत मेंढी दगावते. साठा होत असताना रक्तातले तांबे मात्र बहुधा नेहमीइतकेच भरते. नुसता धातू मोजून भागत नाही, त्याला धरून ठेवणारी प्रथिनेही पाहावी लागतात, ती यासाठीच.

रक्तातले लोह ट्रान्सफेरिन वाहून नेते, तांब्याचा मोठा वाटा सेरुलोप्लाझ्मिनमध्ये असतो. धातू धरून ठेवणारे तिसरे प्रथिन मेटॅलोथायोनीन, आणि या दोघांच्या तुलनेत ते अगदी चिमुकले आहे. १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांनी ते घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळे केले, तेव्हा त्यात कॅडमियम सापडले होते. सस्तन प्राण्यांतील या प्रथिनात साधारण ६० अमिनो आम्ले असतात आणि त्यांपैकी २० एकट्या सिस्टीनची, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो आम्लाची असतात. या गंधकांच्या पकडीत जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू बसतात, एका कप्प्यात ४ आणि दुसऱ्यात ३.

प्रथिने मोजण्याची नेहमीची सोपी रीत म्हणजे त्यांनी किती अतिनील प्रकाश शोषला ते पाहणे. पण तो प्रकाश शोषणारी वलययुक्त अमिनो आम्ले मेटॅलोथायोनीनमध्ये नसतातच, त्यामुळे ही रीत येथे आंधळी ठरते. उलट, विद्युतरसायनाला त्यातले गंधक लख्ख दिसते. प्राग येथे हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून पोलरोग्राफी, म्हणजे विद्युतधारा मोजून द्रावणातले पदार्थ ओळखण्याची पद्धत, सुरू केली (त्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले) आणि त्यांचे सहकारी ब्रदिच्का यांना १९३० च्या दशकात असे आढळले की कोबाल्टचा क्षार व अमोनिया असलेल्या द्रावणात गंधकयुक्त प्रथिन मिसळले, तर पाऱ्यावर हायड्रोजन सुटू लागतो आणि विद्युतधारा एकदम चढते. एरवी पाऱ्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. येथे कोबाल्ट आणि प्रथिनातले गंधक यांची जोडी उत्प्रेरकाचे काम करते, आणि उत्प्रेरक वापरून संपत नसल्यामुळे थोड्याशा प्रथिनातूनही मोठी धारा मिळते. या पद्धतीची सारी मातब्बरी त्यातच आहे.

अडचण एवढीच की अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांतही गंधक असते आणि रक्तात ती मुबलक असतात. त्यावरचा उपाय स्वयंपाकघरातला वाटावा इतका साधा आहे. रक्तद्रव पातळ करून सुमारे १५ मिनिटे ९९ अंश सेल्सियसला तापवला की बहुतेक प्रथिने अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात, मेटॅलोथायोनीन मात्र विरघळलेलेच राहते. मग नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे नितळ पाणी घेतात. त्याच्या काही मायक्रोलिटर थेंबात लोंबता पारा बुडवतात, प्रथिन त्याला चिकटू देतात, पारा धुतात आणि कोबाल्टच्या थंड केलेल्या द्रावणात नेऊन पाऱ्याचे विभव (व्होल्टेज) हळूहळू अधिक ऋण करत जातात. पडद्यावरच्या आलेखात एकामागून एक उंचवटे उमटतात. त्यांतल्या हायड्रोजनच्या उंचवट्याची उंची माहीत असलेल्या प्रमाणांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली की उत्तर मिळते.

आकडा मिळाला तरी तो वाचणे सोपे नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले मेटॅलोथायोनीन आणि जस्त रक्तद्रवात मिसळते. असा लालसर नमुना सरळ टाकून द्यावा हे बरे. सोबत जस्तही मोजायचे असेल, तर रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेली नळी चालत नाही, कारण ते स्वतःच धातूंना पकडून बसते. शिवाय हे प्रथिन जस्त आणि कॅडमियममुळे वाढते तसेच दाह आणि ताणाच्या संप्रेरकांमुळेही वाढते, त्यामुळे आजारी गाईच्या एका नमुन्यावरून खाद्यात विषारी धातू आहे असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. त्याच जनावराचे काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले नमुने आणि जोडीला धातूंची मोजणी असेल, तर बोलण्याला आधार मिळतो. मेंढीच्या तांब्याचा नेमका साठा जाणून घ्यायचा असेल, तर मात्र आजही यकृताचा तुकडाच तपासावा लागतो.