वाडी कार्यक्रम

डोंगराळ भागातील अल्पभूधारक, मुख्यतः आदिवासी, कुटुंबाच्या सुमारे एक एकर (0.4 हेक्टर) वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर कलमी फळझाडे, त्यांच्या ओळींमध्ये हंगामी पिके आणि बांधावर लाकूड व चारा देणारी झाडे लावून त्या कुटुंबाला गावातच उपजीविका मिळवून देणाऱ्या कार्यक्रमाला वाडी कार्यक्रम म्हणतात. दक्षिण गुजरातेत सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे महाराष्ट्रातील जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत आणि नंतर देशातील इतर आदिवासी भागांत पोहोचला.

त्याची सुरुवात 1982 मध्ये वांसदा भागात ‘बायफ’ या संस्थेने केली. महात्मा गांधींच्या सांगण्यावरून उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहिलेले मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये ही संस्था स्थापन केली होती. तिचे आरंभीचे काम संकरित गाईंच्या पैदाशीचे होते. मात्र वांसदा-धरमपूरच्या कोकणा, वारली, धोडिया कुटुंबांकडे जनावरांसाठी पुरेसा चारा नव्हता आणि पावसाळा संपला की पाणीही नव्हते, त्यामुळे तेथे जमिनीपासूनच सुरुवात करणे भाग होते. महाराष्ट्रात हे काम 1993 मध्ये स्थापन झालेल्या ‘मित्र’ या सहयोगी संस्थेमार्फत वाढले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी त्याच सुमारास राज्य हादरले होते.

या भागातील दारिद्र्याचे कारण पावसाची कमतरता हे नव्हे. जव्हारच्या पठारावर पाऊस भरपूर पडतो, पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कातळ असल्याने पाणी मुरत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच विहिरी तळाला जातात. भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी निघाली की शेतात काम उरत नाही. मग दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या कामावर किंवा द्राक्षबागांत जातात. पावसाळ्यात खावटीसाठी, म्हणजे घरखर्चाच्या धान्यासाठी, काढलेले कर्ज याच मजुरीतून फेडले जाते.

वाडीची आखणी साधी असते. उन्हाळ्यात समपातळी रेषांवर चर खणतात, दगडी बांध घालतात आणि तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन ते पालापाचोळा, शेणखत आणि चांगल्या मातीने भरतात. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर आंबा आणि काजूची कलमे लावली जातात. आंब्यात केशर ही जात अधिक चालते आणि काजूत वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राच्या जाती. कोरड्या प्रदेशांत, उदाहरणार्थ दक्षिण राजस्थानात, आवळा आणि लिंबूही घेतात. कडेने साग, बांबू, सुबाभूळ, गिरीपुष्प असे कुंपण असते. दिवाळीनंतर मोकाट सुटणारी गुरे ही नव्या वाडीची सर्वांत मोठी शत्रू असल्याने कुंपणाइतकाच चराईबंदीचा गावाचा ठरावही गरजेचा असतो.

कार्यक्रमाची खरी कसोटी झाड लावण्यात नसून पहिल्या पाच वर्षांत आहे, आणि वाडीवरील बहुतेक लिखाणात हा काळ दोन वाक्यांत उरकला जातो. कलमाला लवकर मोहोर आला तरी झाड खंगू नये म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे तो खुडावा लागतो. विक्रीजोगे उत्पन्न चौथ्या-पाचव्या वर्षापासून हळूहळू सुरू होते. तोवर दर उन्हाळ्यात प्रत्येक रोप जगवायचे, मेलेल्यांच्या जागी नवी लावून नांग्या भरायच्या आणि पोटही भरायचे. मजुरीला गेलेल्या कुटुंबाची रोपे मार्चमध्ये वाळतात, आणि मजुरीला न गेल्यास घरात धान्य नसते. म्हणूनच कार्यक्रमात पहिल्या वर्षांत स्वतःच्या शेतातील खड्डे-चरांच्या कामाचाही काही मोबदला दिला जातो, रोपाशेजारी मडके पुरून ठिबकत राहणारे पाणी पुरवले जाते आणि ओळींमध्ये भाजीपाला व कडधान्ये घेतली जातात. मडक्यांत ओतायचे पाणी मात्र बहुधा बायकांनाच डोक्यावरून आणावे लागते. जेथे आधी झरा बांधून काढला किंवा छोटे जलकुंड केले, तेथे रोपे अधिक जगली यात नवल नाही.

जव्हार आणि विक्रमगड भागात ही पोकळी मोगऱ्याने बऱ्याच अंशी भरली. लावल्यापासून दुसऱ्या वर्षी फुले येतात, हंगाम फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत चालतो आणि पहाटे खुडलेल्या कळ्या त्याच दिवशी दादरच्या फुलबाजारात पोहोचतात. ज्या महिन्यांत माणसे गाव सोडत, त्याच महिन्यांत रोख पैसा येऊ लागल्याने स्थलांतर रोखण्यात या पिकाचा वाटा, माझ्या मते, आंब्याहून मोठा ठरावा.

फळे येऊ लागल्यावर प्रश्न विक्रीचा होतो. या पट्ट्यातील आंबा किनारपट्टीच्या हापूसनंतर, मेअखेर किंवा जूनमध्ये, म्हणजे भाव उतरल्यावर आणि पाऊस तोंडावर आल्यावर तयार होतो, त्यामुळे त्याचा बराच भाग लोणचे आणि रसाकडे वळवावा लागतो. काजूची बी व्यापाऱ्याला विकण्याऐवजी गर काढून विकल्यास उत्पन्न वाढते, पण टरफलातील तेलाने कामगारांचे हात भाजतात. प्रक्रिया आणि विक्रीसाठी वाडीधारकांच्या सहकारी संस्था निघाल्या. त्यांना एकत्र आणणारी ‘वसुंधरा’ ही उत्पादक कंपनी 2004 मध्ये नोंदली गेली आणि तिची उत्पादने ‘वृंदावन’ या नावाने विकली जातात.

नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने 2003-04 मध्ये आदिवासी विकास निधी उभारून वाडीला देशव्यापी नमुना म्हणून स्वीकारले. महाराष्ट्र शासनाने त्याआधीच, 1990 मध्ये, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली होती. तिच्यामुळे राज्यातील फळबागांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. तिचा भर अनुदानित लागवडीवर आहे, तर वाडीत आरोग्य, बचतगट आणि पिण्याचे पाणी हेही त्याच कामाचे भाग मानले जातात. अनुकरण करताना नेमके हेच भाग गळतात, आणि मग रोपवाटिकेची पावती उरते, बाग उरत नाही.

एक एकर जमीन ही या पद्धतीची पूर्वअट असल्याने सर्वांत गरीब कुटुंबे तिच्याबाहेर राहण्याचा धोका असतो. कातकऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्वतःची जमीन नाही. त्यांच्यासाठी रोपवाटिका, कलमे बांधणे, शेळीपालन असे उद्योग जोडले गेले, तरी त्यांतून बागेसारखी टिकाऊ मालमत्ता निर्माण होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेले वनपट्टे वारसाहक्काने पुढील पिढीकडे जाऊ शकतात, पण विकता येत नाहीत. अशा पट्ट्यांवरही वाडी करता येते, मात्र दावा मंजूर होऊन पट्टा हाती येईपर्यंत अनेक दशके जगणारे झाड तेथे लावण्यास माणूस सहसा धजावत नाही.