चिमट्याचा वाक आणि ट्रेल: सामानाच्या सायकलीचं हँडल का पळतं

२८ इंची काळ्या सायकलीला पुढे २० इंची चाक बसवायचं, फ्रेमला अँगलचं कॅरियर वेल्ड करायचं आणि त्यावर संत्र्याचे क्रेट नाहीतर दुधाचे कॅन लादायचे. कल्पना चांगली आहे. बोजा खाली येतो, चढवायला-उतरवायला सोपं जातं. फक्त चालवायला घेतली की हँडल हातात राहत नाही. मग कोणीतरी सांगतो, ‘चिमटा अजून थोडा पुढे वाकवून घे, सायकल सरळ चालेल.’ चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फाटा. हा सल्ला साफ उलटा आहे, आणि तो थांबायला हवा.

हँडल ज्यावर फिरतं ते छर्रे आणि कप तपासणं सगळ्यांना येतं, म्हणून थोडक्यात. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खटखट वाजली तर कप ढिले आहेत. हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर कपांत खड्डे पडलेत, कप-छर्रे बदला. एवढं ठीक असूनही हँडल पळत असेल तर दोष मापात आहे.

घोळ इथे होतो. वाक आणि ट्रेल एकच समजले जातात. हेडपाइप म्हणजे चिमट्याचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी. तिच्या मधोमध जाणारी रेघ मनात खाली वाढवा. चाकाचा एक्सल त्या रेघेपासून काटकोनात जितका पुढे, तो चिमट्याचा वाक. तीच रेघ जमिनीला जिथे भिडते आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टायर रेघेच्या मागे टेकायला हवा. तसा टेकला की दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या चाकासारखं चाक मागून ओढत येतं आणि सरळ होत राहतं. वाक वाढवला की एक्सल पुढे सरकतो, सोबत टायरची टेकायची जागाही पुढे सरकते. म्हणजे वाक वाढला की ट्रेल घटतो.

आता लहान चाकाचं गणित बघा. ट्रेल काढायला चाकाची त्रिज्या गुणिले हेडपाइपच्या कोनाची कोसाइन करा, त्यातून वाक वजा करा आणि उरलेल्याला त्याच कोनाच्या साइनने भागा. मोबाइलवर होतं. काळ्या सायकलीची त्रिज्या ३५५ मिमी, जमिनीशी कोन ६८ अंश आणि वाक ७५ मिमी धरला, तर ट्रेल ६३ मिमीच्या आसपास येतो. त्याच चिमट्यात २५० मिमी त्रिज्येचं २० इंची चाक घातलं की दोन गोष्टी एकदम होतात. त्रिज्या घटते, आणि पुढचा भाग १०५ मिमी खाली बसल्याने हेडपाइप जवळपास ५ अंश उभा होतो. ही दुसरी गोष्ट हिशोबात कोणी धरतच नाही. ७३ अंशांवर ट्रेल शून्याच्याही किंचित खाली जातो. अशा सायकलीचा चिमटा अजून पुढे वाकवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. शिवाय गॅसने लाल करून वाकवलेला चिमटा बोज्याखाली कुठे चिरेल याचा भरवसा नाही. मी तो वापरू देणार नाही.

डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७० साली ‘फिजिक्स टुडे’त हेच करून दाखवलं होतं. चाक पुढे नेलेली त्याची सायकल सोडली की लगेच पडायची. उलट्या चिमट्याची, म्हणजे जास्त ट्रेलची, माणूस नसतानाही लांबवर तोल धरून जायची.

हे वाचून चिमटा उलटा लावायचा मोह होईल, पण लावू नका. वरच्या सायकलीत ट्रेल दीडशे मिमीच्या वर जाईल. हळू चालवताना हँडल एका बाजूला कोसळेल आणि पांदण रस्त्याच्या चाकोरीतून सायकल बाहेर काढता येणार नाही.

मोजायची रीत सोपी. सायकल सपाट ओट्यावर उभी करा, हवा भरा, नेहमीचा बोजा ठेवा. हेडपाइपला समांतर, त्याच्या मध्याशी जुळवून, चाकाच्या बाजूने सरळ पट्टी जमिनीपर्यंत धरा आणि खडूने खूण करा. एक्सलच्या मधून ओळंबा सोडून दुसरी खूण करा. पट्टीची खूण पुढे हवी, आणि मधलं अंतर ३५ ते ६० मिमी.

कमी भरलं तर कमी वाकाचा चिमटा घ्या, पण लांबी तेवढीच ठेवा. २० इंची सायकलीचा आखूड चिमटा घातला तर पुढचा भाग अजून खाली जाऊन कोन आणखी बिघडतो. २६ इंची जाड टायरच्या सायकलीचा, शॉकअप नसलेला चिमटा घ्या. वाक ४० मिमीच्या जवळ असला तर २० इंची चाकावर ट्रेल ३५ मिमी, २४ इंचीवर ६० मिमीच्या आसपास येतो. मी २४ इंचीच घेईन. गिट्टीच्या रस्त्यावर ते कमी आपटतं. विकत घेण्याआधी चिमट्याच्या हेडपाइपमध्ये जाणाऱ्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा, २५.४ मिमी की २८.६. लांबी कमी पडली तर नळी जोडून वेल्ड करू नका, दुसरा चिमटा शोधा.

ब्रेकचंही पाहा. लहान चाकाच्या रिमपर्यंत काळ्या सायकलीचा दांड्याचा ब्रेक पोचत नाही, आणि कित्येक जण पुढचा ब्रेक काढूनच टाकतात. वीस-वीस किलोचे दोन क्रेट पुढे असताना हे फार धोक्याचं आहे. डिस्क ब्रेक बसवायचा कान असलेला चिमटा आणि डिस्कचा हब घ्या. डिस्कचं माप एक्सलपासून असतं, चाक किती इंची याने फरक पडत नाही.

कॅरियर मात्र फ्रेमलाच राहू द्या. हँडलला किंवा चिमट्याला टांगलेला बोजा प्रत्येक वळणावर हँडल ओढतो, मग ट्रेल कितीही बरोबर असो.