बेदाण्यातला दाणा

सांगलीतल्या विट्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली. आमचा एक आतेभाऊ असाच कोलकात्याला गेला. खिरीत घालायला म्हणून फळवाल्याकडं पाव किलो बेदाणा मागितला, तर त्यानं तराजूत एक भलंमोठं डाळिंब ठेवलं! चूक कुणाचीच नव्हती. बंगालीत ‘बेदाना’ म्हणजे डाळिंबच. (आणि ‘बेदोना’ म्हणजे आपली वेदना, तेव्हा उच्चार जपून.)

शब्द फारसी. बेकार, बेवारसमधला ‘बे’ आणि ‘दाना’ म्हणजे बी. मग दाण्यांनी ठासून भरलेलं डाळिंब बेदाना कसं? मऊ बियांच्या काबुली डाळिंबाला हे विशेषण लागलं आणि तेच पुढं फळाचं नाव होऊन बसलं. मुजफ्फरपूरकडं बारीक कोयीची लिची बेदाना. तासगावच्या सौद्यात मात्र बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्ष, दुसरं काही नाही. युनानी औषधांतला ‘बिहीदाना’ नुसता कानाला फसवतो: तो बिही नावाच्या फळाची चक्क बी!

फारसी ‘दाना’ आपला चुलतभाऊच. संस्कृतात ‘धाना’ म्हणजे भाजलेलं धान्य. फारसीत ‘ध’चा ‘द’ झाला. तिकडं लिथुआनियात याच कुळातला ‘दुओना’ म्हणजे पाव. मराठीत ‘दाना’चा ‘दाणा’ झाला, तसाच ‘बेदाना’चा ‘बेदाणा’.

पण बेदाण्यात दाणा नसतो, हे तरी खरं का? आपल्याकडचं तास-ए-गणेश हे थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचंच वाण. त्याच्या फुलात फलन होतं, बी धरायलाही लागतं, पण आतला गर्भ मध्येच मरतो. 2018 मध्ये संशोधकांनी याचं मूळ एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलात दाखवलं. मणी फुगवणारं जिब्रेलिन हे संप्रेरक बरंचसं बियांकडून येतं. बीच अर्धवट राहिली तर मणी बारीक राहतो, म्हणून बागायतदार घड जीएच्या (जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या) द्रावणात बुडवतो. बेदाणा करताना पुन्हा एक बुडवणी, ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलची. सालीवरच्या मेणातून पाणी लवकर बाहेर पडतं आणि शेडमधल्या जाळीवर साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

एखादं ताजं थॉम्पसन उभं चिरून उजेडात धरा. गरात दोन-तीन मऊ, पांढुरके ठिपके दिसतील. तो अडखळलेला दाणा.