पॅरिश शाळा (ठाणे)

एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज म्हणजे पॅरिश; मराठी ख्रिस्ती लेखनात त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात. या धर्मग्रामाने काढलेली आणि चालवलेली शाळा ती पॅरिश शाळा. व्यवस्थापक सहसा चर्चचे प्रमुख धर्मगुरू असतात, वर्गांचा कारभार मुख्याध्यापकांकडे. ठाणेकर फादर-सिस्टरांच्या सगळ्याच शाळांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, पण कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचा मठ. हा फरक जपायला हवा, कारण पॅरिश शाळेमागे गावातलीच माणसे असतात.

1534 च्या वसईच्या तहाने वसई आणि साष्टी (ज्या बेटावर ठाणे वसले आहे) हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथलिक संघांचे धर्मगुरू आले. त्यांचे शिकवणे मुख्यतः चर्चच्या आधाराने चाले: आधी प्रार्थना आणि धर्मशिक्षण, जोडीला गायन, थोडे वाचन. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, पुढे परदेशी संघ गेले आणि चर्च स्थानिक पाद्रींनी सांभाळली. आजच्या अर्थाची शाळा इंग्रजी अमलातली. 1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक आदेशाने, खासगी शाळांना सरकारी अनुदान खुले केले; त्याच्या आदल्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत रेल्वे आली होती. नोकरीसाठी इंग्रजी लागू लागले आणि या शाळांना सर्वच समाजांतून मुले मिळू लागली.

या इतिहासात भाषेची बाजू फार कमी सांगितली जाते. साष्टीच्या मूळ कॅथलिकांनी 1887 पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, पण त्यांची घरची बोली मराठीचीच. वसईकडे धर्मग्रामांनी मराठी माध्यमाच्या शाळा जोपासल्या. ठाणे शहरात इंग्रजी माध्यम वरचढ ठरले, आणि आजीची बोली पोरांच्या तोंडून निसटत गेली. हे नुकसान मोठे आहे.

तलावपाळीजवळ संत योहान बाप्तिस्ता चर्च आणि त्याची शाळा शेजारी शेजारी आहेत. योहानाचा सण 24 जूनला, म्हणजे शाळा उघडून जेमतेम आठवडा होतो तेव्हा येतो. दप्तरे नवी, रेनकोट ओले. पॅरिश शाळांत आठवड्यातून एखाद्या तासाला वर्ग दोन भागांत विभागतो: कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जातात, बाकीची नीतिशिक्षणाला बसतात. तास संपला की पुन्हा त्याच बाकांवर, एकाच डब्यातून खायला.